मुंबईचं दुखणं

आमच्या घरात माझ्या आजाराला नाव नव्हतं. आई त्याला ‘मुंबईचं दुखणं’ म्हणायची. ‘हिच्या मुंबईच्या दुखण्याआधी केस काय दाट होते,’ ‘मुंबईचं दुखणं झालं त्या वर्षी आंब्याचं लोणचं घातलंच नाही,’ असं. खरं तर दुखणं नाशिकमध्येच सुरू झालं होतं. मुंबईला ते फक्त बरं झालं. पण आईला ते आपल्या गावात नको होतं, आपल्या घरात तर नकोच. म्हणून तिनं ते कायमचं मुंबईला ठेवून दिलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून होते. मूळचे देवळ्याकडचे. कांद्याची शेती धाकट्या भावाकडे सोपवून नोकरीसाठी नाशिकला आले आणि गंगापूर रोडला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. तेव्हा तिथं वस्ती विरळ होती, आमच्या मागच्या दारातून पेरूची बाग दिसायची. मी एकुलती एक.

चौथीत असताना माझ्या मानेच्या डाव्या बाजूला, कानाखाली गाठ आली. दुखायची नाही, त्यामुळे माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं. वेणी घालताना आईच्या बोटाला ती लागली. डॉक्टर म्हणाले गंडमाळा आहेत, म्हणजे टीबीच्या गाठी. त्या वेळी मुलांच्या मानेला गाठ आली की बहुतेक वेळा तेच निघायचं, आणि त्यांनीही तेच धरलं. इंजेक्शनं सुरू झाली. कमरेवर इतकी इंजेक्शनं झाली की बसवेना, तरी गाठ कमी व्हायच्या ऐवजी तिच्या खाली दुसरी आली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा निकाल घेऊन अण्णा आले ते पायातल्या चपला न काढता दारातच पायरीवर बसले. आईनं आतून विचारलं, ‘काय म्हणाले?’ अण्णा म्हणाले, ‘मुंबईला न्यायला सांगितलंय.’

एवढंच. पुढचं ते बहुधा मी झोपल्यावर बोलले असतील.

मुंबईत आई आणि मी हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत राहिलो. अण्णा नोकरीमुळे येऊन जाऊन असायचे. माझ्या मानेवर आणि गळ्याखाली जांभळ्या शाईनं रेघा मारल्या होत्या. त्या पुसायच्या नाहीत, पाणी लावायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. रोज सकाळी मला ‘लाईट’ द्यायचे. तिथं सगळे त्याला लाईटच म्हणत, पण उजेड कसलाच दिसायचा नाही. मला एका गार खोलीत उंच टेबलावर झोपवायचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायचे, वरचं मोठं यंत्र माझ्या मानेवर आणायचे. मग तिथला माणूस म्हणायचा, ‘अजिबात हलायचं नाही हं, बाळ,’ आणि तो, नर्स, आई सगळे खोलीबाहेर जायचे. जाड दार लागायचं. यंत्राची घरघर सुरू व्हायची. काही दुखायचं नाही. पण मला एक गोष्ट कळायची नाही, की हे औषध आहे तर सगळे पळून का जातात? आईला विचारलं, तर ती म्हणाली, ‘ते फक्त तुझ्यासाठी आहे.’

घसा आतून सोलून निघाला. पेज गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. मानेची कातडी आधी लाल झाली, मग काळी पडली. मधेमधे शिरेतून औषध द्यायचे, त्यानं उलट्या व्हायच्या. पण गाठी विरघळल्या. अगदी बघता बघता विरघळल्या. आई रोज हात लावून बघायची, आणि एक दिवस तिच्या हाताला काहीच लागलं नाही.

आम्ही परत आलो तेव्हा माझ्या वर्गातल्या मुली पुढं गेल्या होत्या. मी एक इयत्ता मागं बसले. घरी येताना गाडीतच आईनं मला शिकवून ठेवलं होतं, ‘कुणी विचारलं तर सांगायचं, भाजलं. गरम पाणी सांडलं.’ मी तसं सांगायची. मानेच्या मागचे केस पुन्हा आलेच नाहीत, त्यामुळे वेणी वरून घालावी लागे. मान बारीक राहिली. बाकीचं अंग वाढत गेलं आणि मान तेवढीच. तोंड कायम कोरडं. डब्यातली पोळी पाण्याच्या घोटाबरोबर गिळावी लागायची. माझ्या पाण्याच्या बाटलीला वर्गात कुणी हात लावायचं नाही. भाजल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. भाजलेली मुलगी इतके महिने शाळेतून गायब असते का, असं कुणाच्या तरी आईनं कुणाला तरी विचारलं असणारच.

सातवीत शाळेची सहल पांडवलेण्यांना गेली. सगळ्या मुली पायऱ्या चढायला लागल्या. मीही निघाले. तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘तू नको गं चढू. तुझ्या आईनं सांगितलंय, दमवू नका म्हणून. तू इथं बस आणि डबे सांभाळ.’ मी डोंगराच्या पायथ्याशी, डब्यांच्या पिशव्यांमध्ये बसले. वरून मुलींचे आवाज येत होते. एकमेकींना हाका मारत होत्या, कुणाचं तरी हसणं थांबतच नव्हतं. त्या वेळी मला धाप लागत नव्हती, पाय दुखत नव्हते. मी चढू शकले असते. ते मला नक्की माहीत होतं, आणि ते सांगण्यासारखं माणूस तिथं एकही नव्हतं. मुली खाली आल्या, आपापले डबे उचलून घोळक्यानं जेवायला बसल्या. त्यांच्या बोलण्यात वरच्या मूर्ती होत्या, वटवाघळं होती. मला त्यात काही बोलता येण्यासारखं नव्हतं.

वर्षातून एकदा अण्णा मला मुंबईला तपासणीला न्यायचे. पहाटे निघायचो. जाताना अण्णा एक शब्द बोलायचे नाहीत. खिडकीबाहेर बघत बसायचे. मी काही विचारलं, तर ‘हं’ म्हणायचे. तिथले मोठे डॉक्टर माझ्या मागं उभे राहून दोन्ही हातांनी मान चाचपायचे, काखा चाचपायचे, पोट दाबायचे. त्यांची बोटं फिरत असताना मी अण्णांच्या चेहऱ्याकडे बघायची. डॉक्टर ‘छान’ म्हणाले की अण्णांचे खांदे खाली यायचे. आणि परतीच्या गाडीत हाच माणूस बोलायला लागायचा तो नाशिक येईपर्यंत थांबायचा नाही. लहानपणी विहिरीत पोहायला कसे शिकले, ऑफिसातल्या साहेबांची नक्कल, देवळ्याच्या बाजारात हरवलेला बैल. माझ्या लहानपणातलं सगळं हसणं मला त्या परतीच्या गाड्यांमध्ये आठवतं.

मी सोळा वर्षांची असताना ते डॉक्टर म्हणाले, ‘आता यायची गरज नाही. पूर्ण बरी झाली. हे सगळं विसरून जा आणि संसाराला लाग.’ अण्णांनी त्यांच्या पायांना हात लावला. डॉक्टर ओशाळले. घरी आल्यावर आईनं पुरणपोळी केली. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘आज काय विशेष?’ आई म्हणाली, ‘काही नाही, सहज.’

मीही खूश होते. पण त्या दिवशी एक दार बंद झालं, हे तेव्हा कळलं नाही. मला काय झालं होतं हे जाणणारी माणसं जगात एकाच इमारतीत होती, आणि त्यांनीच आता येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं.

कॉलेजात गेले आणि मी मंदावत गेले. दुसरा शब्द मला सुचत नाही. सकाळी उठवेना. उठले तरी अंग वाळूचं पोतं झालेलं. वर्गात झोप यायची. दोन जिने चढले की मांड्या भरून यायच्या. उन्हाळ्यात सगळे पंख्याखाली बसायचे आणि मी आईची शाल पांघरायची. खाणं चार घासांचं, तरी चेहरा सुजल्यासारखा भरत चालला. कंगव्यात केस यायचे. वाचलेलं डोक्यात राहीना. मी आधी बऱ्यापैकी हुशार होते. त्या वर्षी नापास झाले.

आमच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, मग रक्तवाढीची इंजेक्शनं दिली, मग आईला बाजूला घेऊन सांगितलं, ‘तब्येतीला काही नाही. मनाचं आहे. लग्न करून द्या, आपोआप हुशारी येईल.’ लहानपणीच्या दुखण्याची त्यांना कल्पना होती, पण ते बरं झालं होतं ना! बरं झालेल्या गोष्टीचा विचार कोण करणार? आई माझ्यावर चिडायची. ‘या वयात आम्ही दहा माणसांचा स्वयंपाक करत होतो.’ फक्त अण्णा म्हणायचे, ‘आळशी नाहीये ती. दमते. दमणं आणि आळस वेगळा असतो.’ ते माझ्या बाजूनं बोलायचे, पण मी का दमते हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

स्थळं बघायला सुरुवात झाली. देवळ्याच्या आत्यानं एक मुलगा सुचवला. आत्या घरात शिरतानाच अहिराणीत बोलत यायची. ‘पोऱ्या चांगला शे, बँकेत शे, घरनी शेती शे. आणखी काय पाहिजे?’ मुलाकडची माणसं आली. पोहे झाले, चहा झाला. मी पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून बसले होते. मुलाची आई बराच वेळ माझ्या मानेकडे बघत होती. शेवटी तिनं विचारलंच, ‘हे काय झालंय?’

‘लहान असताना भाजलं,’ आई म्हणाली. ‘गरम पाणी सांडलं.’

‘फार नाही ना काही?’

‘छे! वरवरचं.’

मी मान खाली घालून बसले होते. मला अचानक वाटलं, की मी या घरात गेले तर आयुष्यभर हे गरम पाणी सांभाळावं लागेल. नवऱ्याजवळ, सासूजवळ, रोज. मी वर बघितलं आणि म्हणाले, ‘भाजलेलं नाहीये. मला कॅन्सर झाला होता. दहा वर्षांची असताना. आता बरा झालाय.’

 मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, तो घाबरला होता. त्याच्या वडिलांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, ‘बरं, निघू आता. गाडीची वेळ झाली.’ ते अगदी सभ्यपणे गेले. आत्या मात्र जाताना आईला म्हणाली, ‘तुन्ही पोरगी येडी शे.’

दार लागल्यावर आई म्हणाली, ‘तुला कुणी विचारलं होतं? मला विचारलं होतं ना त्यांनी?’

अण्णा कपबशा उचलत होते. त्यांनी कधी उचलल्या नव्हत्या. ते म्हणाले, ‘राहू दे. खरं तेच बोलली ती.’ पण त्यांचाही आवाज बसला होता. त्यानंतर आमच्याकडे स्थळ आलं नाही. देवळ्यापासून सटाण्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

पुढच्याच वर्षी अण्णा गेले. ऑफिसातून आले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तोवर ते नव्हते. मी आणि आई दोघी उरलो. आईनं अण्णांबद्दल बोलणं बंद केलं, जसं तिनं माझ्या दुखण्याबद्दल बंद केलं होतं. संध्याकाळी आम्ही दोघी एकाच खोलीत बसायचो, ती धान्य निवडत, मी भिंतीला टेकून, आणि बोलायला काहीच नसायचं.

मला सातपूरच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. एका छोट्या केबिनमध्ये बोर्ड होता. बाहेरून फोन आला की वायरची पिन लावून आत जोडून द्यायचा. काम बसून करायचं होतं म्हणून जमलं. पण माझा आवाज बदलत चालला होता. जाड, घोगरा, ओढत ओढत येणारा. फोनवरची माणसं म्हणायची, ‘अहो साहेब, जरा परचेसला जोडता का?’ मी सुरुवातीला सांगायची, ‘साहेब नाही, बाई बोलतेय.’ पलीकडे एकदम शांत व्हायचं. नंतर मी सांगणं सोडून दिलं. दिवसभर लोक मला साहेब म्हणायचे, भाऊ म्हणायचे. मी त्यांना एकमेकांशी जोडून द्यायची आणि बोर्डवरचे दिवे बघत बसायची. कँटीनमध्ये बायकांचं एक टेबल होतं. त्या बोलावायच्या. पण त्यांचं बोलणं नवऱ्याचं, मुलांचं, आणि माझं उत्तर यायला इतका वेळ लागायचा की तोवर विषय पुढं गेलेला असायचा. हळूहळू मी डबा केबिनमध्येच खायला लागले.

एका एप्रिलात, भर दुपारी, अंगात स्वेटर घालून मी बोर्डवर डोकं ठेवून झोपले. कारखान्याच्या मालकांचा फोन वाजत राहिला. सुपरवायझरनं खांदा हलवून उठवलं, तर मला आपण कुठं आहोत हेच काही क्षण कळेना. त्यानं मला ओरडायच्या ऐवजी कारखान्यात आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मला वाटतं, तोही घाबरला होता.

या बाई माझ्या आईपेक्षा थोड्या लहान असतील. त्यांनी माझा हात हातात घेतला. ‘किती गार हात आहेत! आणि कातडी बघ, खवले आलेत.’ मला बाकावर गुडघे टेकवून उभं राहायला सांगितलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला त्यानं फार वेळ घेतला. त्यांनी पुन्हा मारून बघितलं. मग माझ्या खांद्यावरचा पदर बाजूला केला.

‘इथं काय झालं होतं?’

‘लहानपणी भाजलं होतं,’ माझ्या तोंडून आपोआप आलं. त्या मुलाच्या घरच्यांसमोर एकदा खरं बोलून काय झालं ते मी बघितलं होतं.

‘कशानं?’

‘गरम पाणी सांडलं.’

त्यांनी बोटानं माझ्या मानेवरच्या काळ्या डागाची कड गिरवली. ‘गरम पाणी असं चौकोनात सांडत नाही,’ त्या म्हणाल्या.

मी पदर पुन्हा ओढून घेतला. त्या घाई न करता बसून राहिल्या. बाहेर कुणीतरी खोकलं, त्यांनी दार लोटून घेतलं.

‘लाईट घेतली होती,’ मी म्हणाले. ‘कॅन्सर होता.’

त्यांनी कपाळाला हात लावला नाही, अरेरे म्हटलं नाही. म्हणाल्या, ‘मग हे थायरॉईड असणार. इथं गळ्यात एक ग्रंथी असते. सगळ्या शरीराचा वेग तिच्यावर असतो. लाईटच्या किरणांनी गाठी जाळल्या, त्याबरोबर तीही हळूहळू सुकत गेली. रक्त तपासायला मुंबईला पाठवू, पण मला खात्री आहे. गोळ्या मिळतात. रोज एक, आयुष्यभर. तुझा आवाजही सुधारेल.’

‘म्हणजे मी आळशी नाहीये?’

मी चोवीस वर्षांची होते, आणि डॉक्टरांना विचारायला मला हेच सुचलं. बाई म्हणाल्या, ‘वेडी आहेस का? अशा अवस्थेत तू नोकरी करतेस, हेच मला नवल वाटतंय.’ मग म्हणाल्या, ‘खरं सांगू? हे मी पुस्तकात वाचलंय. असं माणूस समोर पहिल्यांदाच बघते.’

‘का?’

‘तुझ्यासारखी मुलं तेव्हा वाचायचीच कमी. आणि जी वाचली, त्यांचं मोठेपणी काय होतं हे कुणी बघतच बसलं नाही. बरं झालं म्हणजे संपलं, असंच सगळ्यांना वाटलं.’

गोळी लागू पडायला काही आठवडे गेले. मग एका सकाळी मी आपणहून उठले, आणि उठलेय हे मला चहा पितापिता कळलं. स्वेटर पेटीत गेला. केस गळायचे थांबले. फोनवर एक माणूस म्हणाला, ‘ताई, स्टोअरला द्या,’ आणि माझ्या हातातली पिन तशीच राहिली. त्यानं पुन्हा विचारलं, ‘ताई, आहात ना?’

पण डोकं जागं झालं तसा रागही जागा झाला. कॉलेजची ती वर्षं, ती टॉनिकं, ‘मनाचं आहे’ म्हणणं. आणि अण्णा. माझ्या दमण्याला कारण होतं, हे त्यांना कळायला हवं होतं. ते मी कुणाला सांगणार होते?

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून मी पुन्हा मुंबईच्या हॉस्पिटलात गेले. या वेळी एकटी. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होते. माझं सगळं ऐकून ते खुर्चीतून उठलेच. ‘तेव्हाच्या पेशंट? आणि तुम्ही एकट्या आलात, चालत?’ त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून मला दाखवलं. त्यांनी माझी उंची मोजली, मान मोजली, हृदय ऐकलं. मला राग आला नाही. इतक्या माणसांनी माझ्या मानेकडे एकाच वेळी आनंदानं बघावं, असं कधी झालं नव्हतं.

शिकाऊ डॉक्टर गेल्यावर मी त्या तरुण डॉक्टरांना विचारलं, ‘माझ्याबरोबर तेव्हा लाईट घ्यायला जी मुलं यायची, ती कुठं आहेत?’

‘काही गेली. काहींचं आम्हाला माहीत नाही. बरी झालेली माणसं परत येत नाहीत, आणि आम्हीही बोलावलं नाही.’

‘मला मूल होईल का?’

 ‘सांगता येत नाही. त्या औषधांनी काहींना अडचण येते. मी खोटं सांगणार नाही.’

‘आणि पुन्हा होईल का?’

‘तो आजार पुन्हा येईल असं वाटत नाही. पण लाईट घेतलेल्या जागेवर लक्ष ठेवायला हवं. दर वर्षी येत जा.’

बाहेर बाकावर औषधाची वाट बघत बसले होते, तर शेजारी एक बाई येऊन टेकली. मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी, मानेवर जांभळ्या रेघा. बाई सुरगाण्याकडची होती. नाशिकची आहे म्हटल्यावर तिला घरचंच माणूस भेटल्यासारखं झालं. ‘तुमचं कोन आजारी हाय?’ तिनं विचारलं.

‘कुणी नाही. लहानपणी मीच होते.’

तिला आधी कळलं नाही. मी पदर बाजूला केला. तिनं माझ्या मानेकडे बघितलं, मग मुलीच्या मानेकडे. मग न विचारता हात पुढं करून माझ्या डागावर बोटं ठेवली. ‘हिच्यावानीच?’

‘अशाच रेघा होत्या.’

‘आन् तुमी एवढ्या मोठ्या झाल्या?’ ती मुलीला हलवून म्हणाली, ‘बघ गं, बघ. बाई बघ.’ मुलीनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. तिला उलटीनं ग्लानी आली होती. बाईनं माझा हात सोडला नाही. तिला मी आनंदाची बातमी वाटत होते. तिला पुढचं काय काय सांगावं, गोळीचं, थंडीचं, स्थळांचं, हे माझ्या ओठांवर होतं. मी एवढंच सांगितलं, ‘दर वर्षी दाखवायला आणत जा. बरी झाली म्हणाले तरी आणा. कधी सोडू नका.’ तिनं मान हलवली. सुरगाण्याहून दर वर्षी मुंबई तिला कशी जमणार होती, कोण जाणे. माझं नाव पुकारलं आणि मी उठले.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला. ‘म्हणजे हे लाईटनं झालं?’

‘हो.’

‘तुला रोज त्या खोलीत मीच पोचवायचे.’

‘आई, ती घेतली नसती तर मी जगलेच नसते.’

‘ते काय मला माहीत नाही?’ ती म्हणाली. ‘तरीपण.’ आणि तिनं ताट बाजूला सारून तोंडाला पदर लावला. मला वाटत होतं, मुंबईच्या दुखण्यात मी एकटीच आहे. ती त्या जाड दाराच्या बाहेर इतकी वर्षं उभी होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. पण आम्हाला एकमेकींना जवळ घ्यायची सवय नव्हती. थोड्या वेळानं तिनं ताट पुन्हा ओढून घेतलं.

आईनं लोकांना सांगणं मात्र बदललं नाही. शेजारच्या काकू एकदा सकाळी विरजण मागायला आल्या, मी गोळी घेत होते. ‘कसली गं गोळी?’ त्यांनी विचारलं. ‘शक्तीची,’ आई म्हणाली. मी म्हणाले, ‘थायरॉईडची, काकू. लहानपणी मला कॅन्सर झाला होता, त्याच्या उपचारानं ती ग्रंथी गेली.’ काकूंच्या हातात वाटी होती. ‘अगं बाई,’ त्या म्हणाल्या. मग, ‘आता बरी आहेस ना?’

‘हो.’

‘मग झालं तर.’ आणि त्या विरजण घेऊन गेल्या. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. काकू महिनाभर आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

मग एका रविवारी दुपारी, आई देवळात गेलेली असताना, त्या आल्या. आत येऊन त्यांनी स्वतःच कडी लावली. बराच वेळ पाण्याचं, महागाईचं बोलत राहिल्या. मग एकदम रडायला लागल्या. ‘मला इथं गाठ लागतेय,’ छातीवर हात ठेवून त्या म्हणाल्या. ‘घरात कुणाला सांगितलं नाही. तुलाच विचारावं म्हटलं. तू हात लावून बघशील?’

मी काही डॉक्टर नव्हते. पण त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. मी हात लावला. सुपारीएवढी होती. मी म्हणाले, ‘मला यातलं कळत नाही. पण आपण उद्या दाखवू. मी येते तुमच्याबरोबर.’

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात काकू माझ्याआड लपल्यासारख्या बसल्या होत्या. नंतर नाशिकमध्येच छोटं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. निकाल हातात आल्यावर काकू हसल्या, रडल्या, आणि घरी येताना रिक्षात माझा हात घट्ट धरून बसल्या. त्या अर्ध्या तासात मला वाटलं, आता आपल्याला कुणीतरी मिळालं.

पण तसं झालं नाही. मला बघितलं की त्यांना ती दुपार आठवत असावी. त्या माझ्याशी चांगल्याच वागायच्या, सणाला ताट पाठवायच्या, आईची चौकशी करायच्या. फक्त मी एकटी असताना आमच्या घरी यायच्या नाहीत. सकाळी नळावर आमची गाठ पडायची. त्या विचारायच्या, ‘आज पाणी जरा कमीच येतंय, नाही?’ मी म्हणायची, ‘हो, कालपासूनच.’ आणि आम्ही आपापल्या कळश्या भरायचो.